हिरवा रंग कच्चा का दिसतो? चित्रातला आणि भिंतीवरचा

ओलाकॅनव्हास

बाकी रंगांशी माझं जमतं, हिरव्यापाशी चित्र अडतं. झाडी रंगवायला घेतली की सगळीकडे एकच हिरवा पसरतो आणि तो कच्चा, उपरा वाटतो. ॲक्रिलिक असो की जलरंग, अनुभव तोच. माझं आजवरचं मत असं की ट्यूबमधला तयार हिरवा चित्राचा घात करतो, हिरवा नेहमी निळा-पिवळा मिसळूनच करावा. पण नुसतं मिसळूनही भागत नाही. कधी झळझळीत पोपटी येतो, कधी मळकट शेवाळी. कधी काय येईल याचा नेम नाही.

शिवाय एका खोलीला हिरवा द्यायचं घरात ठरतंय. शेड कार्डावर शांत दिसणारा हिरवा भिंतीवर अंगावर येतो, असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. चित्रातल्या आणि भिंतीवरच्या हिरव्याचं दुखणं एकच आहे की वेगवेगळं? दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कुंचलेकर

आधी सांगा, निळा कुठला आणि पिवळा कुठला वापरता?

ओलाकॅनव्हास

अल्ट्रामरीन आणि कॅडमियम यलो मीडियम. कधीकधी लेमन यलो. थॅलो ब्लूची ट्यूब आहे पण ती फार जोरकस म्हणून बाजूला ठेवली आहे.

कुंचलेकर

मग नेम का नाही ते इथेच कळतं. अल्ट्रामरीन हा तांबूस झाकेचा निळा. कॅडमियम मीडियम नारिंगीकडे झुकलेला पिवळा. दोघांच्याही पोटात थोडा तांबडा आहे आणि तांबडा हिरव्याला मारतो. म्हणून त्या जोडीतून ऑलिव्ह, शेवाळी, सुकत चाललेल्या गवताचे रंग निघतात. थॅलो ब्लू (लेबलवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीबी १५) किंवा प्रशियन ब्लू हे हिरव्याकडे झुकलेले निळे, लेमन यलोही तिकडचाच. त्यांची जोडी लावली की तांबड्याचा अंश कुठेच नसतो, म्हणून पोपटी उसळून येतो.

आता महत्त्वाचं. यातली एक जोडी बरोबर आणि दुसरी चूक असं काही नाही. झाडीतला बहुतेक हिरवा मळकाच असतो. कोवळी पालवी, उन्हात पलीकडून उजळलेलं पान, एवढ्या मोजक्या जागी झळझळीत हिरवा लागतो. तुम्ही तो सगळीकडे लावत असाल तर चित्र कच्चं दिसणारच.

एक काम करा. कागदावर चौकटी आखा. वरच्या ओळीत तुमच्याकडचे सगळे पिवळे, त्यात यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळाही घ्या. डावीकडे उभे सगळे निळे आणि सगळ्यात खाली काळा. प्रत्येक चौकटीत दोघांचं मिश्रण, तेही दोन प्रमाणांत, एकदा पिवळं जास्त आणि एकदा निळं जास्त. मग त्याच कागदाची दुसरी प्रत करा, तिच्यात प्रत्येक मिश्रणाला बर्न्ट सिएनाचं, म्हणजे तांबूस तपकिरीचं, बोट लावा. हे दोन कागद समोर टांगले की पुढची कित्येक वर्षं पुरतात.

शेवंती

काळा? आम्हाला तर शिकवलं होतं की काळ्याला हातच लावायचा नाही.

कुंचलेकर

शेवंती, पांढऱ्यात थोडा आयव्हरी ब्लॅक मिसळून बघा, निळसर राखाडी येतो. म्हणजे पिवळ्याच्या शेजारी तो निळ्याचंच काम करतो. काळा आणि पिवळा यांतून जो ऑलिव्ह येतो तो दाट सावलीतल्या झुडपांना इतका चपखल बसतो की मी तरी दुसरं काही शोधत नाही. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट म्हणजे पांढरा, यलो ऑकर, तांबडा आणि काळा. त्यात निळा नाहीच, तरी हिरव्याचा भास होतो, कारण शेजारी तांबडा असतो. काळ्याची मनाई नवशिक्याने सगळ्या सावल्या काळ्याने मारू नयेत म्हणून असते. तिचा नियम करू नये.

पानोपानी

मूळ धाग्यातल्या एका वाक्याला माझा ठाम विरोध आहे. ट्यूबमधल्या हिरव्याला सरसकट गुन्हेगार ठरवू नका.

दोन रंगद्रव्यं मिसळली की प्रत्येक जण आपापल्या वाट्याचा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे मिश्रणाची झळाळी कमी होते. थॅलो ग्रीन (पीजी ७) हे एकच रंगद्रव्य आहे, पारदर्शक आहे आणि त्याच्याइतका स्वच्छ, खोल, निळसर हिरवा मिसळून सहसा मिळत नाही. तो तसाच कॅनव्हासवर लावला तर उपरा दिसतो हे खरं, कारण निसर्गात तो तसा जवळजवळ नसतोच. पण त्याला सुरुवात समजा.

माझ्या रोजच्या जोड्या देते:

थॅलो ग्रीन आणि क्विनाक्रिडोन तांबडा किंवा ॲलिझरीन क्रिमझन: जवळजवळ काळा, पण जिवंत काळा. प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं की हिरवट काळा किंवा जांभळट काळा. दाट झाडीच्या पोटातला अंधार यानेच करते.

थॅलो ग्रीन आणि बर्न्ट सिएना: खोल रानाचा हिरवा.

थॅलो ग्रीन आणि निकेल ॲझो यलो (पीवाय १५०): हे माझं सगळ्यात लाडकं. पातळ केलं की कोवळं पान, दाट केलं की जून पान, आणि दोन्ही पारदर्शक.

ज्यांना थॅलो फार आक्रमक वाटतो त्यांनी व्हिरिडियन (पीजी १८) घ्यावा. फ्रान्समध्ये ग्विनेने १८५९ मध्ये त्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. तो सौम्य आहे, जलरंगात त्याचे बारीक कण कागदाच्या खाचांत बसतात आणि ओल्या ब्रशने बराचसा उचलताही येतो. थॅलो मात्र कागदाला जो धरतो तो धरतोच. क्रोमियम ऑक्साइड ग्रीन (पीजी १७) म्हणजे व्हिरिडियनचा अपारदर्शक नातलग, धुरकट आणि भरीव.

सॅप ग्रीन आणि हुकर्स ग्रीन मात्र नावावर जाऊन घेऊ नका. जुना सॅप ग्रीन बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांपासून करत, तो उजेडात उडायचा. हुकर्स ग्रीनला वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या विल्यम हुकर (१७७९–१८३२) यांचं नाव आहे, मूळ कृती प्रशियन ब्लू आणि गँबोज या पिवळ्या डिंकाची. आज दोन्ही नावांखाली प्रत्येक कंपनी आपापलं मिश्रण विकते. ट्यूबच्या मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा, पुढचं नाव नाही.

शेवंती

सॅप ग्रीनबद्दल +१. दोन कंपन्यांचे सॅप ग्रीन शेजारी लावून बघा, एकमेकांच्या ओळखीचेही वाटत नाहीत.

ओलाकॅनव्हास

पानोपानी, मत बदलायला लावलंत. थॅलोची बाजूला टाकलेली ट्यूब परत काढतो. पण ती आवरायची कशी? टाचणीच्या टोकाएवढा घेतला तरी सगळं मिश्रण खाऊन टाकतो.

पानोपानी

क्रम उलटा करा. आधी पिवळ्याचा ढीग घ्या आणि त्यात थॅलो बोटाबोटाने ओढा. थॅलोत पिवळा घालत बसलात तर अख्खी पिवळ्याची ट्यूब संपेल.

राखाडी

सगळे छटेबद्दल बोलताहेत. मला वाटतं कच्चेपणाचं मूळ उजळ-गडदपणात आहे. ओलाकॅनव्हास, तुमच्या एखाद्या झाडीच्या चित्राचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. सगळी झाडी एकाच राखाडीत दिसली तर कुठलाही हिरवा आणा, ते चित्र वाचणार नाही.

निसर्गदृश्य रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. आकाश सगळ्यात उजळ. त्याखालोखाल आडवी जमीन, कारण तिच्यावर आकाशाचा उजेड सरळ पडतो. मग उतार. आणि उभी झाडं सगळ्यात गडद. म्हणून गवत आणि झाड हातात घेऊन पाहिलं तर एकाच हिरव्याचं असलं, तरी चित्रात गवत बरंच उजळ हवं. बर्फ किंवा उन्हातली पांढरी भिंत हे अपवाद, पण ठोकताळा नव्वद वेळा उपयोगी पडतो.

हे मला इतकं पक्कं माहीत असण्याचं कारण म्हणजे मला तांबडा-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो त्यामुळे पुरुषांत जास्त, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ. माझ्यासाठी काही तपकिरी आणि काही हिरवे एकच. मी ट्यूबा क्रमांकाने ओळखतो, पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा कायम ठेवतो, आणि मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहितो. उजळ-गडद मात्र मला इतरांपेक्षा चांगलं कळतं अशी माझी खात्री आहे, कारण माझी सगळी भिस्त त्यावरच. माझ्या झाडीला कुणी कच्ची म्हटलेलं नाही.

कुंचलेकर

राखाडी, फार मोलाचा प्रतिसाद. वहीतल्या नोंदी इथे टाकता आल्या तर जरूर टाका.

निळीबाटली

राखाडींचं बरोबर, पण सगळं उजळ-गडदवर ढकलू नये. ऊन-सावलीत हिरव्याची जातही बदलते. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा सोडतं. आता त्याच पानाचे तीन हिरवे बघा. ऊन पानातून आरपार आलं तर उबदार, पिवळट हिरवा. ऊन वरून पडलं तर मध्यम हिरवा. आणि पान गुळगुळीत असून त्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडलं तर तो भाग जवळजवळ निळसर राखाडी, हिरवा नाहीच. हा तिसरा फार थोडे लोक रंगवतात, कारण डोक्यात 'पान हिरवं' असं बसलेलं असतं. झाडाच्या उजळ भागात पांढरा घातलेला हिरवा लावला की तो खडूसारखा निर्जीव होतो. तिथे आधी ठरवा, हा उजेड पिवळा आहे की आकाशाचा निळा, आणि त्याप्रमाणे उजळवा.

अंतराचंही तसंच. दूर जाताना हिरव्यातला पिवळा आधी हरवतो. म्हणून लांबची झाडी निळसर, मग राखाडी. पुढच्या झाडाचा हिरवा नुसता पांढरा घालून मागे नेला तर तो मागे जात नाही, उन्हात विटलेला दिसतो.

दुसराहात

भिंतीचं कुणीच बोलत नाही म्हणून मी लिहितो. माझं काम घरं रंगवायचं, चित्रकलेतलं मला कळत नाही. पण वरचं वाचून वाटतंय की दुखणं एकच आहे, औषध वेगळं.

शेड कार्डावरचा तुकडा बोटभर असतो आणि पांढऱ्या कागदावर असतो. भिंती चार असतात आणि एकमेकींवर रंग फेकतात. हिरव्या भिंतीवरून निघालेला उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर पडतो, परत येतो, प्रत्येक फेरीत अजून हिरवा होतो. त्यामुळे कार्डावर जो आवडला त्याच्याहून राखाडीकडे झुकलेला घ्या. कार्डावर जो जरा मेलेला वाटतो तोच खोलीत शांत हिरवा दिसतो. हे मी गिऱ्हाइकाला दर वेळी सांगतो आणि दर वेळी पटवायला नमुना लावून दाखवावा लागतो.

नमुना भिंतीवर लावू नका, जुन्या रंगाच्या शेजारी तो खोटा दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर पुरे दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा आणि तो पुठ्ठा खोलीत फिरवा. खिडकीच्या भिंतीवर, खिडकीसमोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका, इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं, सुकल्यावर गडद होतं.

गर्द हिरवा हवा असेल तर तो डीप बेसमध्ये होतो, त्यात पांढरा फार थोडा किंवा नसतोच. त्यामुळे तो झाकत नाही, खालची पुट्टी, जुना रंग सगळं वर डोकावतं. प्रायमर राखाडी करून घ्या, नाहीतर तिसरा-चौथा हातही पुरत नाही. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरू करा, मशीनवर केलेल्या दोन डब्यांतही केसाएवढा फरक पडतो आणि हिरव्यात तो दिसतो. कडा ब्रशने आणि मधला भाग रोलरने करताना कड ओली असतानाच रोलर आणा, नाहीतर भिंतीला चौकट पडते. गडद हिरव्याला चकाकी नको, भिंतीचा प्रत्येक उंचवटा उठतो. मॅट घ्या.

शेवंती

दुसराहात, वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं, पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर घालून हाताने हिरवा करता येतो का?

दुसराहात

फिका येतो. हिरवा आणि पिवळा स्टेनर, आणि शेवटी तांबड्या ऑक्साइडचे किंवा काळ्याचे दोन-चार थेंब. ते थेंब घातले नाहीत तर औषधाच्या गोळीचा रंग येतो. स्टेनरची मर्यादा बाटलीवर लिहिलेली असते, तिच्यापुढे गेलात तर रंग सुकत नाही आणि हाताला लागतो. पूर्ण खोलीला पुरेल एवढा एकदम करा, परत तोच येत नाही.

चुन्यात रंग करणाऱ्यांसाठी: चुना आणि ताजं सिमेंट प्रशियन निळ्याला खातं, तो तपकिरी पडतो. त्याच्यापासून केलेला हिरवाही गेलाच. चुन्यात क्रोमियम ऑक्साइड किंवा हिरवी माती टिकते.

पानोपानी

दुसराहात म्हणतात मला चित्रकलेतलं कळत नाही, आणि सांगतात तांबड्या ऑक्साइडचे दोन-चार थेंब! आम्ही बर्न्ट सिएना म्हणून जे करतो ते हेच. तोही लोहाचाच ऑक्साइड.

प्रकाशमापक

भिंतीच्या बाबतीत दिव्याचा मुद्दा थोडा खोलात सांगतो. रंग भिंतीत जेवढा असतो तेवढाच दिव्यात असतो. २७०० केल्विनच्या पिवळट दिव्यात निळा प्रकाश कमी, त्यामुळे निळसर हिरवे राखाडी पडतात आणि पिवळसर हिरवे अधिक पिवळे होतात. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात उलट, निळसर हिरवे थंडगार आणि बोचरे होतात. आणि दोन हिरवे दिवसा अगदी एक दिसून रात्री वेगळे दिसू शकतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी. पडदा आणि भिंत जुळवताना हे हमखास होतं. म्हणून जुळवणी दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या दिव्यात, दोन्हीकडे करा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) लिहिलेला असतो, तो ९० च्या वर असेल तर बरं.

फोटोवरून हिरवा ठरवू नका. फोनच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात, कारण आपला डोळा उजळपणा मुख्यतः हिरव्यावरून वाचतो, दिवसाउजेडी त्याची सर्वाधिक संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्यात आहे. तरीही फोन पांढरा कुठला ते स्वतः ठरवतो, आणि थॅलोसारखे निळसर हिरवे साध्या स्क्रीनला दाखवताच येत नाहीत.

संध्याकाळी बघा, उजेड उतरत जातो तसे तांबडे आधी काळे पडतात आणि हिरवे-निळे बराच वेळ उजळ राहतात. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. चित्रात संध्याकाळ रंगवणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे.

बखरकार

अवांतर, पण हिरव्याच्या धाग्यात हे यायलाच हवं. कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिक यांपासून हिरवा केला. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये त्याहून झळझळीत असा एमराल्ड ग्रीन निघाला, त्यातही आर्सेनिक. भिंतीचे कागद, कापड, कृत्रिम फुलं, सगळीकडे तो गेला. दमट भिंतीवर बुरशी आली की ती त्या रंगातून विषारी वायू सोडते, हे बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवलं. हाच रंग पुढे पॅरिस ग्रीन नावाने पिकावर कीटकनाशक म्हणून फवारला गेला.

शेवंती

बापरे! नेपोलियन भिंतीच्या कागदाने गेला म्हणतात तो हाच ना?

बखरकार

कागदात आर्सेनिक होतं हे खरं, पण त्याने तो गेला असं म्हणता येत नाही. शवविच्छेदनात पोटाचा आजार नोंदलेला आहे आणि बहुतेक अभ्यासक पोटाचा कर्करोगच मानतात. इटलीत २००८ मध्ये त्याच्या केसांची तपासणी झाली. लहानपणीच्या केसांतही आर्सेनिक तेवढंच निघालं. त्या काळी सगळ्यांच्याच अंगात ते आजच्यापेक्षा खूप जास्त असे.

कामाची गोष्ट मात्र अशी की जुन्या वास्तूतला हिरवा कोरडा घासू नका. आर्सेनिक नसलं तरी शिसं असू शकतं, कारण क्रोम ग्रीन म्हणजे शिशाचा पिवळा आणि प्रशियन निळा यांचं मिश्रण. ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा.

विषारी हिरव्याची ही एक बाजू. दुसरी बाजू हिरव्या मातीची. अजिंठ्याच्या भिंतीवरचा हिरवा मातीचाच, आणि तो अजून आहे. इटलीतल्या मध्ययुगीन फलकचित्रांत चेहऱ्याच्या त्वचेखाली हिरव्या मातीचा थर देत आणि वर गुलाबी चढवत. वरचा गुलाबी झिजला म्हणून आज ते चेहरे हिरवट दिसतात.

सूतगुंता

बखरकारांनी विषय काढलाच आहे तर रंगाऱ्यांच्या बाजूचं. कापडावर झाडपाल्याचा हिरवा पाल्यातून येत नाही. हरितद्रव्य धुण्यात आणि उन्हात टिकत नाही. आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर पिवळा चढवायचा. अडचण अशी की वनस्पतींचे बरेच पिवळे उजेडात उडतात आणि नीळ राहते. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवरची झाडं म्हणूनच निळी दिसतात.

चित्रांतही तेच घडलं. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत निळी पानं दिसली तर चित्रकाराची ती लहर नव्हे, वरचा पिवळा उडालाय. फरमेर या डच चित्रकाराच्या 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' या चित्रातली काळी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होता, नीळ आणि वेल्ड या पिवळ्याच्या पारदर्शक थराचा. अभ्यासकांनी हे २०२० मध्ये जाहीर केलं. आज डोळ्यांना तो काळाच दिसतो.

आणखी एक. शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या भिंतपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळं सूत शेजारच्या रंगांमुळे फिकं दिसतं हे त्यांनी ओळखलं आणि १८३९ मध्ये शेजारी-शेजारी रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. हिरव्याला जिवंत करायला दर वेळी त्यात तांबडा मिसळावा लागत नाही. शेजारी ठेवला तरी चालतो.

निळीबाटली

सूतगुंता, शेजारी किंवा खाली. कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएनाचा किंवा फिक्या गुलाबीचा हात द्यायचा आणि वर झाडी रंगवताना तो फटीफटीतून दिसू द्यायचा. मी मिश्रणात तांबडा घालणं त्यामुळे बरंच कमी केलंय.

कुंचलेकर

ॲक्रिलिकला ठीक, जलरंगात हे जमत नाही. खालचा तांबूस वरच्या पारदर्शक हिरव्यातून सगळीकडे सारखा दिसणार, म्हणजे परत एकच मळका हिरवा. जलरंगात कागदावरच मिसळू द्यावं: ओल्या पिवळ्यात निळा सोडा, कुठे सिएना टेकवा आणि ब्रश उचला. सगळा हिरवा पॅलेटवर घोटून एकजीव केला की संपलं.

निळीबाटली

मान्य. मी ॲक्रिलिकबद्दलच बोलत होते.

दुसराहात

शेजारच्या रंगाचं भिंतीवर रोज दिसतं. भिंत हिरवी केली की शेजारचा शुभ्र पांढरा दरवाजा गुलाबीसर वाटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं पांढऱ्यात काहीतरी मिसळलंय. पांढऱ्यालाच किंचित हिरवट किंवा पिवळसर झाक दिली की तक्रार राहत नाही.

शेवंती

ऑपरेशनच्या वेळचे कपडे हिरवे असतात तेही यामुळेच ना? तांबडं बघून बघून पांढऱ्यावर नजर गेली की हिरवी सावली दिसते, हिरव्यावर ती विरून जाते.

प्रकाशमापक

हो, आणि पांढऱ्यावर दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते तीही हिरव्याने कमी होते.

ओलाकॅनव्हास

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंचलेकरांच्या चौकटी करून झाल्या. काळा आणि लेमन यलोची चौकट बघून थक्क झालो, हाच रंग मी कुठे कुठे शोधत होतो. कृष्णधवल फोटोही काढला आणि राखाडींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं, गवत आणि झाडं एकाच राखाडीत बुडाली होती. आता गवत उजळवून, झाडांच्या पोटात थॅलो आणि ॲलिझरीनचा अंधार भरून तेच दृश्य पुन्हा घेतलंय. हिरवे कमी लागले आणि झाडी जास्त दिसू लागली.

खोलीसाठी राखाडीकडे झुकलेला शेवाळी पक्का होतोय, पुठ्ठा फिरवणं चालू आहे. एकच अडतंय. खिडकीबाहेर दाट झाड आहे आणि दुपारी छत आपोआपच हिरवट दिसतं. छत पांढरंच ठेवावं की त्यालाही भिंतीची फिकी झाक द्यावी?

दुसराहात

झाक देऊ नका. बाहेरचं झाड ते काम फुकट करतंय, त्यात तुम्ही अजून हिरवा घातलात तर दुपारी माणसांचे चेहरेही हिरवट दिसतील. छताला किंचित उबदार पांढरा द्या, पिवळ्याऐवजी तांबूस झाकेचा. आरसा त्या खिडकीसमोर लावणार असाल तर पुठ्ठा घेऊन आधी आरशातही बघा.

राखाडी

वहीतली पानं टंकतोय, थॅलोची आधी देतो. भाग मोजायला चाकूचं टोक. पीवाय ३ (लेमन यलोसारखा पिवळा) आठ भाग, पीजी ७ एक भाग, बर्न्ट सिएना दोन भाग: उन्हातलं जून पान. त्यातच सिएना चार भाग केला की सावलीची बाजू. उरलेली उद्या.